आखूड बाहीचं आडनाव

माझ्या बेसमेंटमध्ये सध्या अमरावतीची मृण्मयी राहते. इथल्या कॉलेजात शिकते, आठवड्यातले तीन दिवस कॉफीच्या दुकानात काम करते आणि उरलेल्या वेळात नोकऱ्यांना अप्लाय करत बसते. परवा ती वर आली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहूनच म्हणाली, "काकू, एक विचारू? रेझ्युमेवर नाव शॉर्ट करू का? सगळे म्हणतात 'माया' लिही, मग कॉल येतील." मी तिला आत बोलावलं, ताट वाढलं आणि सांगितलं, की नावाबद्दल विचारायला आली असशील तर तासभर तरी बस, कारण आमच्या घरात 'शॉर्ट' हा शब्द साधा नाही. ती बसली. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सवडीने लिहिते आहे.

मी लंडनला आले तेव्हा तेरा वर्षांची होते. लंडन म्हणजे राणीचं नव्हे, ऑन्टारिओतलं. सांगलीला मामांच्या घरी मात्र सगळे शेवटपर्यंत मी विलायतेलाच चालले आहे असं धरून होते आणि मामींनी त्याप्रमाणे मला दोन छत्र्या दिल्या होत्या. बाबा माझ्या सातव्या वर्षी गेले. ते शाळेत भूगोल शिकवायचे. आई नर्स होती, आधी मिरजेला आणि मग एकदम कॅनडात. मी दोन वर्षं मामांकडे राहिले. आईची पत्रं यायची, त्यांत थंडीचं वर्णन असायचं आणि मी नीट जेवावं अशी सूचना असायची. एका पत्रात तिने लिहिलं, की हॉस्पिटलच्या बॉयलरच्या खोलीत काम करणाऱ्या एका भल्या माणसाशी तिने लग्न केलं आहे, त्याचं नाव रेमंड शॉर्ट आहे, आणि आता मी यावं. मामांनी ते पत्र तीनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अक्कानं केलंय म्हणजे विचार करून केलं असणार." आमच्या घरात त्या लग्नाची चर्चा तेवढीच झाली. याबद्दल मी मामांची जन्मभर ऋणी आहे.

विमानतळावर आईच्या शेजारी एक भलामोठा उंच माणूस पुठ्ठा धरून उभा होता. पुठ्ठ्यावर इंग्रजीत माझं आडनाव लिहिलं होतं, कवलापूरकर. सुरुवातीची अक्षरं हातभर मोठी आणि जागा संपत आल्यामुळे शेवटची मुंगीएवढी. आई बरोबर असताना पुठ्ठा कशाला, असं मला वाटलं. नंतर आईने सांगितलं, की तो त्याने हट्टाने केला होता. "पोरगी एवढ्या लांबून येते आहे, तिला कुठेतरी आपलं नाव दिसलं पाहिजे," असं त्याचं म्हणणं होतं. एवढा उंच माणूस आणि आडनाव शॉर्ट. मला गाडीत बसेपर्यंत हसू आवरेना, आणि तो का हसतेस म्हणून विचारतही नव्हता. त्याला ते हसू आयुष्यभराच्या ओळखीचं होतं.

आई त्याला 'अहो' म्हणायची. नवऱ्याला नावाने हाक मारणं तिला कॅनडात येऊनही जमलं नाही. शेजारच्या बाईंना वाटायचं, अहो हे त्याचं लाडाचं नाव आहे, आणि त्याही कुंपणापलीकडून "गुड मॉर्निंग, अहो" म्हणायच्या. मी त्याला रेमंडकाका म्हणू लागले. तो 'काका' हा शब्द मोठ्या अभिमानाने सांगायचा, जणू बढती मिळाली आहे.

घर लहान होतं आणि त्याला भिंती असून नसल्यासारख्या होत्या, कारण जमिनीतून गरम हवा यायची ती जाळ्यांमधून, आणि हवेबरोबर प्रत्येक खोलीतला आवाज दुसऱ्या खोलीत जायचा. भट्टी सुरू झाली की आधी एक धप्प असा आवाज, मग पत्र्याची खडखड, आणि मग माझ्या पलंगाखालच्या जाळीतून एका म्हाताऱ्या बाईचं पुटपुटणं ऐकू यायचं. ती रेमंडकाकाची आई. मागच्या खोलीत राहायची, सकाळ-संध्याकाळ जपमाळ ओढत प्रार्थना म्हणायची आणि मधल्या वेळात फ्रेंच रेडिओ लावून त्याच्याशी भांडायची. सगळे तिला मेमेर म्हणत, म्हणजे आजी. तिला इंग्रजी समजायचं पण ती ते बोलायची नाही. मला इंग्रजी वाचता यायचं पण बोलताना धीर व्हायचा नाही. शाळेतून आले की घरात आम्ही दोघीच असू, आणि पहिले पंधरा दिवस एकमेकींकडे बघून मान डोलावण्यापलीकडे आमचा व्यवहार नव्हता.

तो पुढे गेला काकवीमुळे. एका दुपारी मेमेर पावावर बरणीतून काहीतरी काळं, दाट ओतून खात होती. मी वास घेतला आणि जागच्या जागी उभी राहिले. आमच्याकडे गुऱ्हाळ लागलं की जो वास गावभर पसरायचा, तोच. मी बोट बुडवून चाखलं आणि मराठीतच म्हणाले, "ही काकवी आहे!" मेमेर म्हणाली, "मेलास." मी म्हटलं, "काकवी." ती म्हणाली, "मेलास." असं चार-पाच वेळा झालं आणि आम्ही दोघी हसत सुटलो. मग तिने मला एक तुकडा दिला. दुसऱ्या दिवशी मी आईकडून ज्वारीचं पीठ मागून घेतलं, ते टोरांटोहून आणलेलं, जपून वापरायचं पीठ होतं, आणि वेडीवाकडी भाकरी थापून तिच्यापुढे ठेवली. तिने ती काकवीत बुडवून खाल्ली आणि मला बटाटे सोलायला शेजारी बसवून घेतलं. बटाटा, सुरी, साल, पातेलं अशी माझी फ्रेंच सुरू झाली. पुढे तिच्या पिवळ्या वाटाण्याच्या सूपवर आई मोहरी-लसणाची फोडणी घालू लागली. मेमेर त्यात डुकराचं हाड टाकायची, म्हणून आमच्यासाठी वेगळं पातेलं निघे, आणि वर्षभराने हाडाचं पातेलं बंदच झालं, कारण फोडणीचं आधी संपायचं. आजही इथल्या तरुण मंडळींच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने घरून एक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी ते सूप नेते. सगळे आमटी समजून भातावर घेतात. मी कोणाला दुरुस्त करत नाही.

शाळेत माझं आडनाव हा रोजचा खेळ होता. हजेरी घेणारे मास्तर माझ्या आधीच्या मुलाचं नाव संपलं की कागद डोळ्यांजवळ नेत, श्वास घेत आणि शेवटी "मिस के" म्हणून मोकळे होत. वर्ग हसायचा. मला राग यायचा, पण रडू आलं असं मला आठवत नाही. मी हट्टी होते, अजूनही आहे. मी हजेरीला उत्तरच द्यायचं बंद केलं. महिनाभर माझी गैरहजेरी लागली आणि एके दिवशी शाळेतून घरी फोन आला.

त्याच रविवारी जेवताना रेमंडकाकाने विषय काढला. तो फार विचार करून बोलत होता, हे त्याच्या हातातला चमचा ज्या तऱ्हेने स्थिर होता त्यावरून कळत होतं. त्याला मला कागदोपत्री मुलगी करून घ्यायचं होतं. "म्हणजे तुझं नावही बदलेल," तो म्हणाला. "शैलाचं शीला केलं तरी चालेल, नाही केलं तरी चालेल. पण आडनाव शॉर्ट. शाळेत कोणी अडखळणार नाही, पुढे नोकरीत कोणी अडखळणार नाही. एकदा सही केली की झालं."

"मला नको," मी म्हणाले.

"शैला!" आई ओरडली. मग मराठीत, "अगं, केवढ्या मायेनं विचारतायत ते!"

"मला माहीत आहे. पण बाबांचं आपल्याकडे काय आहे? घर नाही, जमीन नाही, एक फोटो आहे त्यात ते डोळे मिटून उभे आहेत. आडनाव तेवढं आहे. ते पण देऊन टाकू?"

रेमंडकाकाला मराठी कळत नव्हतं, पण 'बाबा' हा शब्द त्याला कळत होता. तो म्हणाला, "इट्स ओके, किडो." मग उठला, कोट घातला आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायला बाहेर गेला. तो त्याने सकाळीच उपसला होता. खिडकीतून दिसत होतं, काळ्या कोरड्या जमिनीवर तो फावडं ओढत होता.

मेमेरने मला विचारलं, काय चाललं आहे. मी माझ्या बटाट्याच्या फ्रेंचमध्ये सांगितलं, की रेमंड मला शॉर्ट करतो म्हणतो आणि मी नाही म्हणते. मला वाटलं ती रागावेल. तिने टेबलावर हाताचा पंजा असा आपटला की पेल्यातलं दूध सांडलं. ती हसत होती. रेमंडकाका आत आला तेव्हा ती त्याला फ्रेंचमध्ये काहीतरी जोरजोरात बोलली, आणि तो लालेलाल झाला. "काय म्हणाली?" आईने विचारलं. त्याने फार नाखुशीने भाषांतर केलं: "ती म्हणते, या पोरीने जे आत्ता म्हटलं, ते माझ्या वडिलांना म्हणता आलं नाही."

मग बटाटे सोलता सोलता, दोन-तीन दुपारी, मेमेरने मला सगळं सांगितलं. हे घराणं शॉर्ट नव्हतंच. ते होते कूर्तमाँश. फ्रेंचमध्ये 'कूर्त' म्हणजे आखूड आणि 'माँश' म्हणजे बाही, म्हणून आखूड बाहीवाले. क्युबेकमधल्या एका खेड्यात ही मंडळी पिढ्यान् पिढ्या शेती करत आली. रेमंडकाकाचे वडील आल्फोंस हे धाकटे. ते लग्न झाल्यावर मोटारींच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून इकडे ऑन्टारिओत विंडसरला आले. पहिल्याच दिवशी मुकादमाने नाव विचारलं आणि हातातली पेन्सिल खाली ठेवली. एवढं लांब नाव मी रोज लिहिणार नाही, त्याचा अर्थ काय होतो तो सांग, म्हणाला. आल्फोंसनी सांगितला. "मग आजपासून तू शॉर्ट," मुकादम म्हणाला आणि आल्फोंस हो म्हणाले. आधी कारखान्यात, मग घरभाड्याच्या कागदावर, मग मुलाच्या शाळेत. गावाकडे थोरले भाऊ ओव्हिला होते, त्यांना हे कळलं. त्यांनी एका ओळीचं पत्र पाठवलं: अर्धं नाव घेऊन या घरात पाऊल ठेवू नकोस. आल्फोंस पुन्हा गावी गेले नाहीत. ते वारले तेव्हा ओव्हिला आले नाहीत.

"आणि तुम्ही?" मी मेमेरला विचारलं. "तुम्ही पण शॉर्ट झालात?"

"मी?" ती ताठ बसली. "मी ब्लांश लेमे. आमच्या चर्चच्या वहीत बाईचं नाव तिच्या माहेरचंच लिहितात, बाप्तिस्म्यापासून मरेपर्यंत. नवऱ्याने काय घोळ घालायचा तो घालू दे."

मला हे इतकं आवडलं की मी ते तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. त्याच आठवड्यात मेमेरने जाहीर केलं की तिला उन्हाळ्यात गावी जायचं आहे, रेमंडने गाडी काढावी आणि ही मुलगी बरोबर हवी. रेमंडकाकाने पुष्कळ सबबी सांगितल्या. भट्टीचं काम आहे, टायर जुने आहेत. मेमेर फक्त म्हणाली, "मी ब्याऐंशी वर्षांची आहे, रेमों." त्याला ती रेमों म्हणायची, आणि त्या नावाने हाक मारली की तो पुढे बोलायचा नाही.

आम्ही जुलैत निघालो. आईला सुटी नव्हती. तिने दशम्या आणि लसणाची चटणी दिली. पहाटे निघून आम्ही दिवसभर गाडीत होतो. मॉन्ट्रियल मागे पडलं तशी मेमेर पाट्या मोठ्याने वाचायला लागली, आणि रेमंडकाका गप्प गप्प होत गेला. त्याने मला सांगितलं, की शाळेत फ्रेंच बोललं की मुलं बेडकाचा आवाज काढायची, म्हणून त्याने आठव्या वर्षी ती भाषा तोंडातून काढून टाकली. कानात राहिली, ती काढता येत नाही. हे सांगताना तो रस्त्याकडे बघत होता. मोठी माणसं मुलांना महत्त्वाचं काही सांगायचं असलं की गाडी का चालवतात, हे मला पुढे कळलं.

ओव्हिलांचं घर पांढरं, लाकडी, पुढे लांब पडवी. ते तिथेच आरामखुर्चीत बसले होते. वाळलेले, उंच, रेमंडकाकाचं नाक घेऊन. त्यांना कोणीतरी आधी कळवलं होतं, कारण ते दचकले नाहीत. उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ब्लांश, तू ये. शॉर्ट मंडळींना या घरात खुर्ची नाही."

रेमंडकाका गाडीशी थांबला. त्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली. मेमेर क्षणभर थांबली, मग काठी टेकत आत गेली. मला तिचा राग आला. पण जाताना ती मला म्हणाली, "माझी पिशवी आण." म्हणून मी आत गेले. तिचं तसंच ठरलेलं होतं, हे मला आता स्पष्ट दिसतं.

"ही कोण?" ओव्हिलांनी विचारलं.

"शैला कवलापूरकर," मीच सांगितलं.

"परत सांग."

मी सांगितलं. त्यांनी अर्थ विचारला. शाळेत आजवर एकाही माणसाने अर्थ विचारला नव्हता. मी सांगितलं, की कवलापूर हे गाव आहे, आणि 'कर' म्हणजे तिथला. आमच्याकडे अशी शेकडो आडनावं असतात. माणूस गाव सोडून निघाला की गाव त्याच्या नावात बसून येतं. हे मी फ्रेंचमध्ये कसं सांगितलं देव जाणे, पण मेमेरने मध्ये मध्ये शब्द पुरवले आणि म्हातारा लक्ष देऊन ऐकत होता.

"आमचं नाव कमावलेलं आहे," ते म्हणाले. "आमचा मूळ पुरुष फ्रान्सहून गलबतावर आला. वाटेत वादळात एक खलाशी जखमी झाला. आमच्या पूर्वजाने स्वतःची बाही फाडून त्याची जखम बांधली आणि एका बाहीने या देशात उतरला. म्हणून कूर्तमाँश. आणि आल्फोंसने ते एका मुकादमाच्या पेन्सिलीसाठी टाकलं."

गोष्ट सुंदर होती. मला तिचं मनापासून कौतुक वाटलं. पण मी भूगोलाच्या मास्तरांची मुलगी. बाबा मला नकाशावर बोट ठेवून आडनावं शोधायला लावायचे. मी विचारलं, "तुमच्याकडे गावावरून आडनावं नसतात का?"

ओव्हिला म्हणाले, "असतात. दुसऱ्यांची."

त्या रात्री आम्ही तिघं मेमेरच्या भाचीकडे राहिलो. दुसऱ्या दिवशी रविवार होता. प्रार्थना संपल्यावर मेमेर मला घेऊन चर्चच्या मागच्या खोलीत गेली. तिथे मादाम तेरेझ म्हणून निवृत्त शिक्षिका गावातल्या घराण्यांच्या वंशावळी लिहायच्या. ओव्हिलाही काठी टेकत मागून आले, बहुधा आम्ही चुकीचं काही वाचू नये म्हणून. रेमंडकाका बाहेर स्मशानाच्या कुंपणाशी उभा होता.

मादाम तेरेझनी एक जाड वही काढली. जुन्या नोंदींच्या त्यांनी हाताने केलेल्या नकला त्यात होत्या. आखीव, सुबक अक्षर. त्यांनी मागे मागे पानं उलटली आणि मूळ पुरुषाच्या लग्नाच्या नोंदीवर थांबल्या. त्याला सही येत नव्हती, त्याने फुली मारली होती. नाव पाद्र्याने लिहिलं होतं आणि त्यात 'त' नव्हता. 'द' होता. कूर्दमाँश.

"पाद्र्याची चूक," ओव्हिला म्हणाले.

"त्याच्या मुलाच्या नोंदीतही द आहे," मादाम तेरेझ म्हणाल्या. "नातवाच्या वेळी त झाला. ऐकून लिहायचे ना. आणि हे बघा, याच्या दुसऱ्या मुलाचं: कूर्दमाँश दी सांसूसी."

'दी' म्हणजे काय ते त्यांनी मला समजावलं. म्हणतात तो, ओळखला जातो तो. मी जवळजवळ ओरडलेच, "उर्फ!" सांसूसी म्हणजे निश्चिंत. तो मुलगा सैन्यात गेला, तिथे त्याला ते टोपणनाव पडलं, आणि त्याची मुलंबाळं पुढे नुसतं सांसूसी लावू लागली. नदीपलीकडच्या गावातले सगळे सांसूसी म्हणजे ओव्हिलांचे भाऊबंद.

"ते?" ओव्हिलांचा आवाज चढला. "ते घोडेवाले?"

"तेच," मादाम तेरेझ म्हणाल्या.

मग मी धीर करून विचारलं, "कूर्दमाँश नावाचं गाव आहे का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठल्या आणि कपाटातून फ्रान्समधल्या गावांच्या नावांचं एक जुनं पुस्तक काढलं. ते त्यांच्याकडे वर्षानुवर्षं होतं, पण हे नाव त्यात शोधायचं त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं, कारण बाहीची गोष्ट त्याही लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. पान उलटायला त्यांना वेळ लागला. खोलीत मेणबत्त्यांचा आणि ओल्या लाकडाचा वास होता. मग त्यांनी बोट टेकवलं. गाव होतं. एक नव्हे, दोन. फ्रान्सच्या वायव्येला, आणि नोंदीत वराचा मुलूख म्हणून जो लिहिला होता, त्याच मुलखात एक. खाली अर्थ दिला होता, जुन्या लॅटिनमधून झिजत आलेला: धन्याचं शेत, जहागीरदाराची वाडी. बाहीचा कुठे पत्ता नव्हता.

म्हणजे हेही गावकरच होते. एका वाडीतून निघालेला, सही न येणारा माणूस. त्याला विचारलं असेल, कुठला रे तू, आणि तो म्हणाला असेल, कूर्दमाँशचा. बाही नंतर कोणीतरी शिवली होती.

ओव्हिला बाकावर बसले. मला अपराधी वाटायला लागलं. एका म्हाताऱ्या माणसाची गोष्ट मी त्याच्या तोंडावर उसवली होती. मग ते म्हणाले, "तेरेझ, माझी नोंद काढ." त्यांनी काढली. त्यांचा बाप्तिस्मा, आणि पान उलटल्यावर आल्फोंस यांचा. त्यांनी भावाच्या नावावर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून म्हणाले, "एवढ्या वेळा बदललं, तेव्हा कोणी कोणाला घराबाहेर काढलं होतं का? लिहिलंय कुठे?"

"मला तरी सापडलं नाही," मादाम तेरेझ म्हणाल्या.

ते उठले आणि बाहेर गेले. मी दारातून बघत होते. रेमंडकाका कुंपणाला टेकून उभा होता. म्हातारा त्याच्यासमोर जाऊन थांबला आणि म्हणाला, "टोपी काढ." त्याने काढली. ओव्हिलांनी त्याचा चेहरा बघितला, नाक, कपाळ, कान, बाजारात घोडा बघतात तसा. मग म्हणाले, "कान आल्फोंसचे आहेत. जेवायला चल."

रेमंडकाकाने उत्तर दिलं ते फ्रेंचमध्ये. मी त्याच्या तोंडून ती भाषा पहिल्यांदा ऐकली. दोनच शब्द होते, "येतो, काका." मेमेर माझ्या दंडाला धरून उभी होती आणि तिच्या पकडीने तो दिवसभर दुखत राहिला.

जेवायला खिमा भरून भाजलेली मोठी पेस्ट्री होती, बीट होतं, आणि मी दशम्या काढल्या. ओव्हिलांनी लसणाची चटणी खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी आलं त्याचं सगळं खापर चटणीवर फोडलं. मृण्मयीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काकू, बाहीची गोष्ट खोटी निघाली तर वाईट नाही वाटलं त्यांना?" वाटलं असणार. पण त्यांनी ती सांगणं सोडलं नाही. मी पुढे दरवर्षी तिथे गेले आणि दरवर्षी ते पाहुण्यांना बाहीची गोष्ट सांगून झाल्यावर माझ्याकडे बोट दाखवायचे: "आणि आता खरी गोष्ट ही सांगेल." त्यांच्या पुढच्यांना दोन गोष्टी मिळाल्या, एवढंच.

परतीच्या वाटेवर किंग्स्टनला रेमंडकाकाने पेट्रोल भरलं. मग म्हणाला, "तुझ्या आडनावात इंग्रजीत अक्षरं किती?"

"अकरा."

"माझ्यात बारा." तो हसला. "मी परत घेतो. बाराच्या बारा. तू तुझी अकरा ठेव. मुलगी माझी राहशील ना तरी?"

मी हो म्हणाले. मागच्या सीटवर मेमेर झोपल्याचं सोंग करत होती.

शाळा उघडली त्या दिवशी तो माझ्याबरोबर आला, वर्गाच्या दारात उभा राहिला आणि मास्तरांना म्हणाला, "मी हिला घेऊन आलोय, आणि मी सुद्धा हे नाव शिकलो, तेव्हा तुम्हालाही जमेल." मग तिथेच त्याने त्यांच्याकडून ते घोकून घेतलं. क-व-ला-पूर-कर. तिसऱ्या वेळेला जमलं. मी हजेरी दिली. मृण्मयीला मी शेवटी काय सल्ला दिला, ते विचारणाऱ्यांसाठी सांगते: सल्ला दिला नाही. तिचं नाव आहे, तिने ठरवावं. पण ते दुसऱ्या कोणाच्या पेन्सिलीने ठरू नये, एवढं म्हणाले.

नाव बदलायचं म्हणजे कोर्टात अर्ज करायचा होता. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी आम्ही तिघं गेलो. आईने हॉस्पिटलची ड्यूटी बदलून घेतली होती, निळी साडी आणि त्यावर जाड कोट. रेमंडकाकाने फॉर्म घेतला आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून एकेक अक्षर सुटं सुटं लिहू लागला. आई उभी राहून बघत होती. मग ती खिडकीपाशी गेली, आतल्या कारकून बाईंना म्हणाली, "आणखी एक फॉर्म द्या," आणि तो घेऊन माझ्या शेजारी बसली.

मला वाटलं, तिलाही आडनाव बदलायचं आहे. मी वाकून बघितलं. आडनावाच्या रकान्याला तिने हात लावला नव्हता. नव्या नावाच्या रकान्यात तिने इंग्रजीत लिहिलं होतं, इंदुमती.

"ही कोण?" मी विचारलं.

"मी."

माझी आई सुनंदा होती. बाबा 'अगं' म्हणायचे, मामा अक्का म्हणायचे, हॉस्पिटलात ती सू होती. हे नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"लग्नात ताटात तांदूळ पसरतात," आई फॉर्मवरून नजर न काढता म्हणाली, "त्यात अंगठीनं नवं नाव लिहितात. तुझ्या बाबांच्या आत्यानं लिहिलं सुनंदा. मी वाकून वाचलं. त्या दिवसापासून इंदुमती कोणी म्हटलंच नाही. वाईट कोणी वागलं नाही गं. रीतच होती. मला पण वाटलं, असंच असतं." तिने पेन झाकण लावून पर्समध्ये ठेवलं. "आडनावांचा तुम्ही सगळ्यांनी काय घोळ घालायचा तो घाला. मला माझं नाव पाहिजे."

रेमंडकाकाने विचारलं, "काय झालं?" मी त्याला सांगितलं. त्याने ते नाव हळूहळू म्हणून बघितलं. पहिल्याच वेळी बरोबर म्हटलं. आईने मान खाली घातली.

आम्ही बाकावर बसलो. भिंतीवरचं घड्याळ मोठ्याने चालत होतं. आत-बाहेर माणसं येत-जात होती. बऱ्याच वेळाने खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर केला, कागद लांब धरला आणि अडखळत हाक मारली, "इं-डू-मा-टी?"

माझी आई वर्गातल्या मुलीसारखी ताडकन उभी राहिली आणि भरल्या खोलीत, मराठीतच, मोठ्याने म्हणाली, "हजर!"